भिंतीवरचे हात

“हात ढिल्ला सोड, बाई. हात तुझा, काळजी माझी.”

एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला पाव शतकाहून जास्त काळ लागला. दरवर्षी पंधरा ऑगस्ट जवळ आला की मी लिहायला बसायचो आणि काहीतरी निमित्त काढून उठायचो. कधी चष्मा सापडायचा नाही, कधी पेन. आता वय असं झालंय की निमित्तंही साथ देत नाहीत. तेव्हा लिहितो.

वाक्य आमच्या गावच्या मनियारणीचं. आमच्या भागात बांगड्या विकणाऱ्या आणि भरणाऱ्या मुसलमान घरांना मनियार म्हणतात. तिला नाव होतं, पण ते तिच्या घरच्यांशिवाय कुणी कधी घेतलं नाही. पाटलापासून पाणक्यापर्यंत साऱ्या गावाची ती चाची. मीही इथं चाचीच म्हणणार आहे. साखऱ्याच्या पुढं, सेनगाव तालुक्यातल्या त्या गावात मी शाळेत चित्रकला शिकवायला गेलो, तेव्हा चाचीनं पन्नाशी ओलांडली होती. डोक्यावर बांगड्यांची पाटी, पायात पुरुषी चपला, आणि तोंडात सुपारी नाहीतर गोष्ट.

बांगड्या भरणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. बहुतेकींची नजर हातावर असते. चाची हाताकडे बघायचीच नाही. गिऱ्हाइकाचा पंजा आपल्या तळव्यात घ्यायची, बोटांची पेरं दाबत राहायची आणि बघायची तोंडाकडं. मग असं काही बोलायची, की समोरची बाई फिस्सकन हसायची. ती हसली की हात सैल पडायचा आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेली असायची.

“हसल्याबिगर काकण चढत न्हाई,” ती म्हणायची. “रुसलेल्या बाईच्या हाताला मी हात लावत न्हाई. आधी हसवते, मंग भरते.”

माझी बायको लग्न होऊन गावात आली तेव्हाची गोष्ट. नवी जागा, ओसरीवर शेजारच्या बायकांचा घोळका, बायकोचा हात लाकडासारखा ताठ. चाचीनं विचारलं, “नवरा काय करतो, बाई?”

“शाळेत चित्रं काढायला शिकवतात.”

“व्हय? आन् पोटाला काय करतो?”

बायको इतकी हसली की चार बांगड्या एका दमात चढल्या. त्यानंतर आमच्या घरात मी काही मोठं बोलायला लागलो की बायको हळूच म्हणायची, “आणि पोटाला?”

चाचीला पुरुषांचेही हात धरायची सवय होती. उधारी मागताना, हालहवाल विचारताना, भांडताना, सगळ्याला हातच धरायची. आमच्या मुख्याध्यापकांचा हात धरून ती एकदा म्हणाली होती, “साहेब, तुमाला सहा नंबर बसंल.” सगळा स्टाफ आठवडाभर मुख्याध्यापकांच्या मनगटाकडं बघत होता. माझा हात पहिल्यांदा धरला तेव्हा मात्र ती जरा थांबली. “मास्तर, हात लई घट्ट हाय तुमचा. काय लपवून राहिले?”

तेव्हा लपवण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. ते पुढं झालं.

आता ती जी गोष्ट सांगायची ती सांगतो. ही तिच्या एकटीची नाही. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ती पाठ होती. पुरुषांना मात्र अर्धीच माहीत होती.

चाची सून होऊन आली तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. मोठं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. तेव्हाचं राज्य ती एका वाक्यात समजावून सांगायची. “एक राजा हैदराबादला, त्या राजाचा राजा विलायतेला, आन् दोघांचा मिळून एक जमादार आमच्या दारात.”

तिच्या सासूच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लाखेची काकणं व्हायची. पळसावरची लाख गोळा करायची, शेगडीवर मऊ करायची, वळायची, आणि बाईच्या मनगटाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर गरम लाखेची दोन टोकं जुळवायची. हे सगळं काम घरातल्या बायकांचं. पुरुष फक्त पळसावर चढायचे. “तेबी आमी खालून शिव्या दिल्यावर,” चाची म्हणायची.

मग हिंगोलीच्या स्टेशनावर विलायती काचेच्या बांगड्यांची खोकी उतरायला लागली. स्वस्त, चकचकीत आणि रंगीबेरंगी. दोन-चार वर्षांत शेगडी विझली. सासूनं लाखेच्या ढेपा गाडग्यात घालून माळ्यावर टाकली आणि ती खोक्यातल्या बांगड्या विकायला लागली. कारागिराची हमाल झाली, असं मी म्हणालो असतो. चाचीचं म्हणणं त्याहून बारीक होतं.

“लाखेचं काकण हाताला इचारून होतं, मास्तर. लठ्ठ बाईला लठ्ठ, बारकीला बारकं. विलायती काकण हाताला इचारत न्हाई. सायबानं तिकडं माप ठरवलं, आता तुमीच त्या मापाचं व्हा. मळणी करणाऱ्या बाईचा पंजा क्येवढा असतो! तो त्या काकणात घालताना कातडी सोलायची. बाया रडायच्या आन् मी पुसायची. हसवायला तवाच शिकले मी. त्याबिगर धंदाच व्हत न्हवता.”

तिचं ते हसवणं कुठून आलं होतं, ते मला असं कळलं.

पुढं गावात एक कार्यकर्ता आला. बाहेरचा, तरुण, खादीतला. सभेला बंदी होती, म्हणून पारावर भजनाच्या नावानं लोक जमवले. विलायती माल टाका, म्हणाला. पुरुषांना चेव आला. कुणी टोपी टाकली, कुणी उपरणं, एकानं तर नवंकोरं धोतर टाकलं आणि घरी कसं जायचं या विचारात पारामागं उभा राहिला. होळी पेटली. कार्यकर्त्याला आणखी जोर चढला. तो बायकांकडं वळून म्हणाला, “मायबहिणींनो, तुमच्या हातातल्या बांगड्याही विलायती आहेत. फोडून टाका!”

बायकांनी हात पदराखाली घेतले.

आता तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण नव्या पोरांसाठी सांगतो. आपल्याकडं सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली तरी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. आणि सवाष्णीनं आपण होऊन बांगड्या फोडायच्या म्हणजे नवऱ्याचं काय मागायचं ते सरळच आहे. मागून एक म्हातारी उठली आणि म्हणाली, “काहून रे मुडद्या, आमचे हात भुंडे करायला आला का तू? तुमी धोतरं जाळा न्हाईतर नागवे फिरा. आमच्या कुकवावर येऊ नको.”

सगळ्या बायका उठून गेल्या. कार्यकर्ता पहाटेच निघून गेला. पुरुषांनी ठरवलं की बायकांना देश कळत नाही.

दुसऱ्या दिवशी चाची सासूमागं पाटी घेऊन पाटलांच्या घरी गेली. तिथं पाटलीणबाई आणि आणखी पाच-सहा जणी त्याच विषयावर घुसमटत बसल्या होत्या. विलायती बांगडी नको हे त्यांनाही वाटत होतं. कातडी त्यांचीच सोलत होती की! पण काढायची कशी? ती कोवळी सून मागून बोलली, “हात भुंडा काहून करायचा? आधी भरा, मंग वाढवा.”

सासूनं डोळे वटारले. पाटलीणबाई म्हणाल्या, “बोलू दे तिला.”

“एक लाखेचं काकण आधी घालायचं. मंग हात भरलेलाच हाय ना? मंग काचेची काढायला काय तकलीफ?”

इतकी साधी गोष्ट. भरलेला हात भुंडा होत नाही. साऱ्या सभेत जे कुणाला सुचलं नाही ते त्या पोरीला सुचलं, कारण तिचा धंदाच तो होता.

माळ्यावरचं गाडगं खाली आलं. शेगडी पेटली. पहिला हात पुढं केला तो पाटलीणबाईंनी. हे चाची न विसरता सांगायची. “त्यांनी हात दिला म्हणून बाकीच्या आल्या. मोठ्या घरची बाई, तिला काय गरज व्हती? पण दिला.” मग गल्लोगल्ली शेगडी फिरली. ज्या मनियारणीच्या दारात मधल्या काळात कुणी लाख विचारली नव्हती, तिथं बायकांची रांग लागली. पोरी पळसाकडं धावल्या. काचेच्या बांगड्या एकेक करून, हळद-कुंकू लावून, ‘वाढव बाई, वाढव’ म्हणत ओढ्यात सोडल्या. चाची म्हणायची, ओढा आठ दिवस चमकत होता आणि म्हशी पाणी प्यायला बिचकत होत्या.

बातमी पोलिसांना लागलीच. जमादार आला. बायकांना बोलावून दरडावलं, “ये क्या सरकार के खिलाफ चालू है?”

बायका म्हणाल्या, “आमी कुठं काय केलं? काकणं भरली. काकणं भरायला परवानगी लागती का सायेब?”

कायद्यात तसं काही नव्हतं. जमादार चाचीच्या सासूच्या दारात आला. “कसं भरता ते दाखव,” म्हणाला. सासू मागं सरली. सून शेगडीजवळ बसली होती. ती म्हणाली, “हात द्या.”

जमादाराला वाटलं, माप घेईल. त्यानं हात दिला. पोरीनं ओलं फडकं गुंडाळलं, वर लाख फिरवली, टोकं जुळवली आणि फुंकर मारली. लाल, जाड, ठसठशीत काकण. जमादार बघतच राहिला. मग काढायला गेला तर निघेना. मनगटावरच जुळवलेलं ते, पंज्यावरून उतरणार कसं?

“तोड इसको!” तो ओरडला.

आता पुढची अडचण बघा. सासू हात जोडून म्हणाली, “तोडते की साहेब. पर हमारे में फोडते नहीं, वाढवते हैं. बाईच्या हातातलं वाढवलं तर नवऱ्याचं वाईट. मर्दाच्या हातातलं वाढवलं तर कुणाचं वाईट, ते आमाला ठावं न्हाई. तुमच्या घरी बीबी हाय ना?”

जमादारानं विचार केला. गावातल्या बायका दाराबाहेर पदर तोंडात कोंबून उभ्या. शेवटी त्यानं बाही मनगटाच्या खाली ओढली आणि घोड्यावर बसून हिंगोलीचा रस्ता धरला. तो परत त्या गावात आला नाही. त्याची बीबी काय म्हणाली, हे चाची दरवेळी नवीन सांगायची. ते मात्र सगळं बनवलेलं असायचं आणि ती तसं कबूलही करायची.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. गावातल्या पुरुषांच्या तोंडी मात्र तिचं एवढंच झालं होतं की पाटलीणबाईंनी गावात स्वदेशी बांगड्यांची चळवळ केली. खोटं नव्हतं. अर्धं होतं.

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा शाळेच्या पुढच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं ठरलं. काम अर्थातच माझ्याकडं आलं. विषय मी सुचवला. मधोमध मनियारीण, तिच्यापुढं हात केलेली पाटलीणबाई, भोवती बायका, शेगडी, दूर ओढा. चाचीला शाळेच्या व्हरांड्यात बसवलं. ती सत्तरीची होती, पण हात तेच होते. उजव्या हाताची करंगळी लाखेनं भाजून वाकडी झालेली आणि अंगठ्यावर चकाकणारा डाग. मी ते हात इतक्या मनापासून काढले की आयुष्यात परत तसं काही जमलं नाही.

“तोंड जवान काढा बरं का,” ती म्हणाली. “हात म्हातारे चालतील. तोंडाचं मला वाईट वाटंल.”

संस्थेचे अध्यक्ष चित्र बघायला आले. पाटलीणबाईंचे थोरले चिरंजीव. पाटलीणबाई तेव्हा हयात नव्हत्या. माणूस वाईट नव्हता, मला नेहमी मान देणारा. बराच वेळ बघून म्हणाले, “एकदम बराबर हाय, गुरुजी. फकस्त ती मधली बाई आमच्या आई करा.”

“त्या आहेत ना, हात पुढं करून बसलेल्या.”

“ते व्हय. पण मधी कोण, ते बघतात लोक. स्वातंत्र्याच्या चित्रात मधोमध मनियारीण काहून, असं कुणी म्हणायला नको. समजून घ्या.” मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “आन् खाली कोपऱ्यात तुमचं नाव चांगलं मोठं टाका. पुढच्या पिढीला कळू द्या.”

मी घाबरलो, असं लिहिलं असतं तर सोपं झालं असतं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. माझी नोकरी पक्की होती. मला ते मोठं नाव आवडलं, एवढंच. मी पाटलीणबाईंचा फोटो मागवून घेतला, मधल्या बाईवर त्यांचा चेहरा चढवला आणि हात पुढं केलेल्या बाईचं तोंड भलतंच करून टाकलं. हात पुसायला जीव झाला नाही. ते तसेच ठेवले.

त्यात मी किती हास्यास्पद चूक केली, हे मला, चित्रकाराला, कळलं नाही. गावातल्या एकूण एक बाईला कळलं. पाटलाच्या घरची बाई कधी दुसऱ्याच्या हातात काकण भरते का? ती भरून घेते. माझ्या चित्रात पाटलीणबाई नऊवारीत उकिडव्या बसून, शेगडी फुंकत, बाजार मांडून बसल्या होत्या.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, भाषणं झाली. मग चाची नातीचं बोट धरून भिंतीसमोर उभी राहिली. मी बाजूला उभा. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

“हात माझे, शेगडी माझ्या सासूची,” ती डोळे पुसत म्हणाली. “आन् तोंड? अगं माय! पाटलीणबाईला मेल्यावर धंद्याला लावलं की हो मास्तर तुमी!”

भोवतीच्या बायका फुटल्या. एकजण म्हणाली, “चाची, आता आमी काकणं भरायला पाटलांकडं जायचं का?” चाची म्हणाली, “जा की. पण उधारी देणार न्हाईत हां ते!” त्या दिवशी शाळेच्या पटांगणात इतकं हसू झालं की अध्यक्षही काही न कळता हसले. मीही हसलो. मला वाटलं, सुटलो.

चाचीची नात, नसीम, माझ्याच वर्गात सातवीला होती. दोन दिवसांनी चित्रकलेच्या तासाला ती उभी राहिली.

“गुरुजी, भिंतीवरचे ते हात आमच्या दादीचे हायत ना? मी सांगितलं तर ही पोरं मला फेकाडी म्हणून राहिली.”

पहिल्या बाकावर अध्यक्षांचा नातू. दाराशी मुख्याध्यापक काहीतरी सांगायला येऊन उभे राहिलेले. मला ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, “चित्र असतं ते. असं कुणाचं काही नसतं त्यात. बस खाली.”

पोरं हसली. नसीम बसली. तिनं वहीवर मान घातली आणि तासभर एक फूल काढत राहिली. रंग काही भरला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चाची शाळेत आली. त्या दिवशी तिच्या डोक्यावर पाटी नव्हती. पाटीशिवाय मी तिला कधीच पाहिलं नव्हतं, ती एकदम लहान वाटली. माझा हात तिनं धरला नाही.

“मास्तर, भिंतीवर तोंड कुणाचंबी लावा. पाटलीणबाईचं लावा, तुमच्या आईचं लावा. आमचं काय जातंय? आमाला ठावं हाय काय झालं ते. पण लेकराला खोटं पाडू नका. एकदा वर्गात सांगा, हात दादीचे हायत. बस.”

“सांगतो चाची.”

“नक्की?”

“नक्की.”

मी सांगितलं नाही. पुढच्या तासाला सांगू म्हटलं. पुढच्या तासाला परीक्षा आली, मग दिवाळी, मग आता जुनी गोष्ट कशाला उकरायची. नसीमनं पुन्हा विचारलं नाही. चाचीनंही नाही. ती आमच्या घरी पहिल्यासारखी येत राहिली, बायकोला हसवून बांगड्या भरत राहिली, माझ्या चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरत राहिली. फक्त माझा हात ती पुन्हा धरायची नाही. बाकी कुणाच्या हे लक्षातही आलं नसेल.

काही वर्षांनी तिच्या मुलानं वसमतला बसस्टँडजवळ बांगड्यांचं दुकान टाकलं आणि घर तिकडं गेलं. गाव सोडताना चाचीला निरोप द्यायला एवढ्या बायका जमल्या की एसटी थांबून राहिली. कंडक्टर ओरडायला लागला तसा तिनं खिडकीतून त्याचा हात धरला. “ढिल्ला सोड, बाबा. एवढ्या घाईत कुठं चाललास? बायको रुसली का?” बस हसत हसत गेली.

भिंत गेल्या वर्षी पाडली. शाळेची नवी इमारत झाली. यंदा पंधरा ऑगस्टला माजी शिक्षक म्हणून मला खुर्चीवर बसवलं होतं. एका पोरीनं खणखणीत आवाजात भाषण केलं. ‘थोर पाटलीणबाईंनी स्वतःच्या हातांनी गावातल्या स्त्रियांना स्वदेशी बांगड्या भरल्या.’ कुठून शिकली असेल? माझ्याच भिंतीवरून. तिच्या आईनं त्या भिंतीखाली बसून डबा खाल्ला असेल. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी आलो आणि बायकोनं चहा पुढं ठेवत विचारलं, “एवढं सगळं झालं. आणि पोटाला?” मग मात्र मी पेन शोधलं. ते समोरच होतं.

आता एकच राहिलं.

चाची वारण्याआधी मी वसमतला गेलो होतो. ती फार थकली आहे, डोळ्यांनी दिसत नाही, असं कळलं होतं. बसमध्ये बसल्यापासून मी वाक्य घोकत होतो. ‘चाची, मी चुकलो. नसीम, ते हात तुझ्या दादीचे होते. हे मी वर्गात सांगायला हवं होतं.’ आडवाटेचा प्रवास, दोनदा बस बदलली, पण वाक्य बदललं नाही. एकदम पाठ.

दुकानात नसीम होती. मोठी झालेली, गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या भरणारी. तीही हाताकडं बघत नव्हती, तोंडाकडं बघत होती. मला ओळखलं, “गुरुजी” म्हणाली आणि मागच्या खोलीत घेऊन गेली. चाची खाटेवर उशीला टेकून बसली होती. खोलीत दुकानातल्या बांगड्यांचा किणकिणाट येत होता. मी काही बोलायच्या आत तिनं हात पुढं केला. मी माझा हात दिला. इतक्या वर्षांनी.

तिनं पेरं दाबून पाहिली. वाकडी करंगळी माझ्या तळव्याला लागली. ती मी डोळे मिटून काढू शकलो असतो.

“मास्तर,” ती म्हणाली. दिसत नव्हतं तरी तोंडावर हसू आलं. “चित्रवाले. अजून घट्टच हाय का हो हात? ढिल्ला सोडा. हात तुमचा, काळजी माझी.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नसीम चहाचा कप घेऊन दारात आली. तिनं कप माझ्या दुसऱ्या हातात दिला आणि तिथंच उभी राहिली. वाक्य जिभेवर होतं. घोट घेतला.

“चाची,” मी म्हणालो, “चहा झकास झालाय.”

चाचीनं माझा हात सोडला नाही. थोडा वेळ तशीच थांबली, गिऱ्हाइकाचा हात सैल पडायची वाट बघावी तशी. मग दाराकडं मान वळवून म्हणाली, “मला काय सांगता? नसीमनं केलाय. तिलाच सांगा की.”

नसीम माझ्याकडं बघत होती. हाताकडं नाही, तोंडाकडं.

मी तिला सांगितलं, चहा झकास झालाय.